उसना धूर

होळीच्या आदल्या दिवशी, दिवस दर्यावर टेकायच्या आधी, आमच्या गावात चुली मोजतात. गावकीची दोन माणसं गल्लीगल्लीतून फिरतात. एकाच्या हातात काठी, दुसऱ्याच्या हातात गेरूची वाटी. ज्या कौलांतून धूर निघताना दिसेल त्या घराच्या चौकटीला गेरूचं बोट लावायचं आणि पुढे जायचं. होळीची लाकडं आणि नारळ कोणाकडून किती घ्यायचे हे ठरवायला आजोबा-पणजोबांनी घालून दिलेली ही रीत. तिचा कायदा मी केला. आणि तो मोडणारी गावातली पहिली बाईही मीच.

चौऱ्याऐंशी साल असेल. बोईसरला दर वर्षी कारखान्याची नवी चिमणी उगवत होती, आणि मुंबईच्या लोकांना आमचं सुरूचं बन सापडलं होतं. आधी एक शेठ आला. त्यानं भिकाचं घर घेतलं, रंगवलं, पुढच्या मासळी सुकवायच्या जागेला काटेरी तार घातली आणि कुलूप लावून गेला. दिवाळीला चार दिवस, मे महिन्यात आठ दिवस. मग त्याचा मेव्हणा आला. मग मेव्हण्याचा भागीदार. बघता बघता गावातली अकरा घरं अशी झाली की आत गाद्या आणि टेबलफॅन, बाहेर कुलूप, पायरीवर कुत्री निजलेली. ज्याच्याकडे एखादी जास्तीची खोली होती तो ती बोईसरच्या कंत्राटी कामगारांना देई; चौघं मिळून ते जे भाडं भरत, ते आमच्या एका खलाशाला कुठून जमणार? पोरांची लग्नं ठरत आणि खोलीपाशी अडत. त्यातच दोन वर्षांपूर्वीच्या उधाणात दर्यानं पुढची ओळ नेली होती. सात घरं. ठकीचं त्यातलंच.

ठकी माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. आमच्या परसातून पाऊल टाकलं की तिचं अंगण. बोंबील जोडीजोडीनं दोरीवर अडकवताना ती गायची आणि मी ऐकायची. माझ्या ओठांवर जी काही गाणी आहेत ती तिथली, मिठाच्या वासाची. मी शिकले, मास्तरीण झाले, बोईसरला कारखान्यात सुपरवायझर असलेला नवरा मिळाला. ठकीला खलाशी मिळाला. घर गेल्यावर ती, नवरा, सासू आणि दोन मुलगे मच्छीमार सोसायटीच्या जाळ्यांच्या खोपीत राहायला गेली. जाळ्यांचे ढीग एका बाजूला, माणसं एका बाजूला. तिथं गेलं की डिझेलचा वास डोक्यात भरायचा.

कायद्याची बैठक देवळाच्या मंडपात भरली. शांताराम तांडेल गावकीचा अध्यक्ष. आयुष्यभर वाऱ्याशी बोलल्यामुळे माणसांशी कमी बोलणारा. त्यानं सरळ सांगितलं, "घर बाहेरच्याला इकायचं नाय. आनि ज्या घरात वरीसभर मानूस ऱ्हात नाय, मग तो शेठ असो का आपला, तेची किल्ली गावकीकडं. घर मालकाचंच. पण गावातल्या बेघराला भाड्यानं, आनि भाडं गाव ठरवंल. पुष्पा, तू मास्तरीण हायस, लिवून काड."

मी लिहायला घेतलं. पण ते वाक्य मला फार कोरडं वाटलं. वर्षभर माणूस राहतं की नाही हे कोण बघत बसणार, असंही मीच म्हणाले. आपली चुलींची मोजणी आहेच की! आणि उभी राहून, पदर सावरून, मी जुळवलेलं म्हणून दाखवलं:

*धूर निघे कौलांतून, त्या घराला घर म्हणा,*
*कुलूप ज्या दाराला, त्याची किल्ली गावी आणा.*

मंडप खूश झाला. बायकांनी तिथंच चाल लावली. सोसायटीचा नामदेव तेवढा म्हणाला, "आमच्या घरात ष्टो हाय. मी धूर कुटून काडू?"

"वर्षातून एक दिवस विडी जास्त वड," कोणीतरी म्हणालं.

हसू विरल्यावर खांबापाशी बसलेली ठकी म्हणाली, "पुष्पे, धूर काय, कोनी पन करल."

मी तिच्याकडे बघून हसले. माझ्या कवितेला खोट काढल्याचा मला रागही आला असेल. म्हणाले, "खोटा धूर करायला आधी लाज सोडावी लागते, ठके."

सगळा मंडप हसला. ठकीही हसली. शांताराम तांडेलानं मला मानाचा नारळ दिला.

कायदा चालला, हेही सांगायला हवं. शेठांनी वकिलाची भाषा केली. गावानं उलट काही केलं नाही. फक्त किल्ली न देणाऱ्याच्या घराची राखण, पाणी आणि मासळी बंद केली. मे महिन्यात दोन दिवस स्वतः पोहरा ओढल्यावर शेठ मऊ झाले. चौघांनी घरं गावातल्याच माणसांना परत विकली, सात जणांनी किल्ल्या दिल्या. अकरा घरांत पुन्हा पाळणे हलले. बेघरांच्या यादीत ठकीचं नाव वरच होतं, पण तिची पाळी दोनदा आली आणि दोनदा तिनं ती पुढे ढकलली. एकदा यादीत तिच्या मागची नवसी ओली बाळंतीण होती. एकदा नर्मदाचा नवरा लकव्यानं पडला होता. "माजी पोरं आता पायात घोटाळनारी नायत," ती म्हणाली. "जाळ्यावर निजतात मऊ."

माझी आई गोदूबाई शहाऐंशी साली गेली. घर माझ्याकडे आलं. दोन खोल्या, पडवी, परसात एक शेवगा. आमचा बोईसरला ब्लॉक होता. सुट्टीत पंधरा दिवस आम्ही गावी यायचो. मी पडवीत बसून चार ओळी लिहायची, मुलगी शिंपले गोळा करायची. उरलेले साडेअकरा महिने ते घर माझ्या मनात असायचं. बोईसरच्या धुरकट संध्याकाळी खिडकीशी उभी राहिले की वाटायचं, माझं तिथं एक घर आहे. एवढंच. त्या वाटण्यासाठी मी ते बंद ठेवलं होतं.

पहिली दोन वर्षं होळीच्या आदल्या दिवशी मी स्वतः गेले आणि चूल पेटवली. मनात म्हणाले, आपण काही शेठ नाही, गावचीच लेक आहोत. तिसऱ्या वर्षी मुलीला गोवर निघाला. ठकी रोज एसटीनं पाटी घेऊन बोईसरच्या बाजारात मासळी विकायला यायची. मी पिशवी घेऊन तिच्यापुढे उभी राहिले.

"ठके, उद्या आमची एवढी चूल पेटवशील?"

ती एका गिऱ्हाइकाशी भांडत होती. "भय्या, हात मत लगाव, लेना है तो लेव!" मग तिनं माझ्याकडे पाहिलं. जरा वेळ पाहिलं. हात लुगड्याला पुसला आणि किल्ली घेऊन कमरेला खोचली. "पोरीला कडूलिंबाच्या पाल्यावर निजव," म्हणाली, आणि माझ्या पिशवीत दोन बोंबील वरचे टाकले. विकत घेतलेल्यावर वरचं टाकायची तिची रीत होती. मला तर ती नेहमीच जास्त टाकायची.

त्यानंतर तीच वहिवाट पडली. दर फाल्गुनात मी किल्ली द्यायची, होळी झाली की ती परत आणून द्यायची. शेजारची तानी मला नंतर एकदा सांगत होती, ठकी ते काम कसं करते. आधी घर झाडते. चूल सारवते. नुसता जाळ करत नाही. म्हणते, रिकाम्या चुलीला आग दाखवू नये. मूठभर भात शिजवते आणि कावळ्याला घालते. स्वतः तिथं खात नाही. आणि त्या दिवशी तिची मुलं मागं आली तर त्यांना उंबऱ्याबाहेरूनच परत पाठवते. "परक्याच्या घराची सवय नको," म्हणते.

हे ऐकून मी तानीला म्हणाले होते, "ठकी म्हणजे सोनं." तेवढं म्हणून मी मोकळी झाले.

एक्याण्णव साली ठकीच्या थोरल्याचं, नवशाचं, जमलं. घिवलीची सुगंधा. पोरगी चुणचुणीत, घरचे मायाळू. पण तिचा बाप बघायला आला तो खोपीच्या दारातच थबकला. ठकी मला बाजारात सांगत होती, पाटीपुढे उकिडवी बसून, सुरीनं खवलं काढत.

"म्हनला, विहीनबाई, पोर देतो, पन निजवनार कुटं? जाळ्यात? ती काय बांगडा हाय?" ती स्वतःच हसली. "खोटं नाय बोलला. एका खोलीची सोय झाली तर वैशाखात लगीन. नायतर म्हनतो, नवशाला आमच्याकडं धाडा, घरजावई."

"नवशा काय म्हणतो?"

"तो काय म्हननार. बापाची छाती भरलेली, जाळं वडवत नाय आता. नवशा गेला तर होडीवर कोन?" तिनं खवलं झटकली. "यादीत पयलं नाव माजंच हाय. औंदा ढकलनार नाय मी. पन घरच उरलं नाय गावात. समदी भरली."

सगळी भरली होती. एक सोडून. ते आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. बाजार कलकलत होता. मी वाट पाहत राहिले की ती आता विचारेल. विचारलं तर काय उत्तर द्यायचं तेही मी मनात जुळवू लागले: मुलीची सुट्टी, आईची आठवण, नवऱ्याला विचारायला हवं. माझ्याकडे शब्दांचा तोटा कधीच नव्हता.

तिनं विचारलं नाही. उठताना फक्त म्हणाली, "औंदा किल्ली देशील ना?"

त्या प्रश्नात काय होतं ते मी आजवर उलटसुलट करून पाहते. मी पर्समधून किल्ली काढली आणि दिली.

पण होळीच्या आदल्या दिवशी वर्गात मन लागेना. दुपारची एसटी धरली. वाटेत ठरवलं की मोजणीवाल्यांना सांगायचं, चूल माझी नाही, घर ठकीला द्या. वाक्य साधं होतं. नदीचा पूल गेला, बागायती मागे पडल्या, खाऱ्या वाऱ्याचा वास आला, आणि प्रत्येक थांब्यावर ते वाक्य थोडं थोडं उतरत गेलं. गावात पोचले तेव्हा माझ्यापाशी एवढंच उरलं होतं: बघू.

गल्लीच्या तोंडातूनच दिसलं. माझ्या आईच्या कौलांतून धूर निघत होता, निळसर, नीट वर जाणारा.

आत ठकी चुलीपुढे बसली होती. हातात फुंकणी, डोळे लाल. जमीन ओली, सारवलेली. मला पाहून ती दचकली नाही.

"आलीस? बरं झालं. बस. लाकूड वलं हाय, लई रडवलंन."

"मी करते," मी म्हणाले.

"राऊ दे, हात काळे होतील."

मी पाटावर बसले. भाताला उकळी फुटत होती. आईची फळी, आईचं उखळ, खुंटीवर तिचा कंदील. मी एकेक गोष्ट पाहत होते आणि ठकी माझ्याकडे. मला वाटलं आता बोलावं. "ठके," म्हणाले, आणि तेवढ्यात बाहेर काठी वाजली.

शांताराम तांडेल दारात उभा. मागे गेरूची वाटी घेऊन नामदेव. तांडेल थकला होता, पण डोळे तेच, लांबचं बघणारे. त्यानं वर धुराकडे पाहिलं, मग आत वाकून चुलीकडे. मग ठकीच्या हातांकडे, कोपरापर्यंत राखेनं भरलेल्या. मग माझ्या हातांकडे.

"चूल कोनाची?" त्यानं विचारलं. मोजणीत हा प्रश्न कधी विचारत नाहीत. धूर दिसला की बोट लावून पुढे जातात. कायदाच तसा होता, मीच केलेला. तो प्रश्न त्यानं माझ्यासाठी विचारला होता.

माझ्या तोंडात शब्द आला होता. ओठांपर्यंत आला होता. मी खुंटीवरच्या कंदिलाकडे पाहिलं.

"हिचीच," ठकी म्हणाली. "कवाधरनं आलीय. भात शिजतोय बगा."

तांडेल माझ्याकडेच पाहत होता. "व्हय का, पुष्पा?"

मी मान हलवली. वर-खाली. तोंडानं खोटं बोलले नाही, म्हणून कुठल्या तरी कोपऱ्यात बरंही वाटलं, हे आता लिहिताना हात जड होतो.

"लाव रं बोट," तांडेल नामदेवाला म्हणाला. नामदेवानं चौकटीला गेरू लावला. जाता जाता म्हातारा म्हणाला, "भात लागतोय, बाई. बगा."

गावात मला बाई म्हणायची ती त्याची पहिली वेळ.

ते गेल्यावर मी विचारलं, "ठके, का बोललीस तसं?"

तिनं भात उतरवला. "मंग काय बोलू? तुजी किल्ली माज्या कमरंला. इस्वासानं दिलीस. तुज्याच किल्लीनं दार उगडून तुज्याच घरावर हात टाकू?" जळतं लाकूड ओढून तिनं त्यावर पाणी शिंपडलं. चर्र आवाज झाला. "तू बोलशील असं वाटलं व्हतं जरा. म्हनून थांबली व्हती मी."

ती थांबली होती. तांडेलाचा प्रश्न आणि तिचं उत्तर यांच्यामध्ये एक श्वास गेला होता. तो श्वास तिनं मला दिला होता, आणि मी त्यात कंदील पाहिला.

मंडपातलं माझं वाक्य तिनं काढलं नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. विसरली असेल असं मला वाटत नाही. मूठभर भात तिनं कौलावर ठेवला, हात धुतले आणि किल्ली माझ्यापुढे पाटावर ठेवली.

वैशाखात लग्न झालं. घिवलीला, मुलीच्या दारी. नवशा घरजावई गेला. गावात पोरं त्याला चिडवत, "नवशा सासरी चालला, वटी भरा रं!" तो हसायचा, मान खाली घालून. मला आमंत्रण होतं. हळदीला बायका जमल्या आणि ठकीला म्हणाल्या, वरमाय, तू म्हण. ती भिंतीला टेकून, डोळे मिटून गायली:

*नवऱ्याच्या आईचं घर दर्यानं नेलं गो,*
*पोराचं बाशिंग तिनं सोयऱ्या दारी ठेवलं गो.*

बायकांनी डोळ्यांना पदर लावले. सगळा दोष तिनं दर्यावर घातला होता. एक घर दर्यानं नेलं हे खरं. मी बायकांच्या मागे, दाराशी उभी होते. माझ्या हाताला हळद लावायला कोणी आलं तेव्हा मी हात मागे घेतला.

पुढच्या होळीला मी एकटी गेले. कोणाला किल्ली दिली नाही. चूल झाडली नाही, लाकूड आणलं नाही. पाटावर बसून राहिले. सगळ्या गावावर धूर होता, माझ्या कौलांवर आभाळ. तांडेलाला आता चालवत नव्हतं. त्याची काठी नामदेवाच्या हातात होती. तो दारात आला.

"चूल थंड आहे," मी त्याच्याआधीच म्हणाले. "किल्ली घ्या. ठकीला द्या."

नामदेवानं काठी चौकटीला टेकवली. मग म्हणाला, "ठकीचं नाव काडलं यादीतून. तिनंच काडाया लावलं, दिवाळीतच. नवशा तिकडं. होडी इकली. धाकटा बोईसरला कंपनीत लागला, त्येच्या खोलीवर ऱ्हातात समदी. म्हनली, मला आता गावात घर कशाला?" त्यानं किल्ली घेतली, उलटी-सुलटी करून पाहिली. "आता पयलं नाव सुकाचं हाय."

सुका भला माणूस. त्याची बायको शैला दोन पोरांना घेऊन दुसऱ्याच दिवशी राहायला आली. शेवग्याला तिनं झोका बांधला, असं ऐकलं. मी त्यानंतर तिकडे गेले नाही. मे महिन्यात मुलगी विचारते, मी काहीतरी सांगते.

ठकी अजून बोईसरच्या बाजारात बसते. आता एसटीनं येत नाही, रुळांपलीकडच्या चाळीतून चालत येते. पाटी तशीच, सुरी तीच. मी लांबच्या कोळणीकडून घ्यायचं ठरवते आणि पाय तिच्याच पुढे थांबतात.

"या बाई," ती म्हणते. "पापलेट ताजा हाय."

पुष्पे म्हणत नाही. रागानं नाही, सगळ्या मास्तरणींना म्हणते तसं, मान देऊन. मी भाव करत नाही. ती मासे कापते, धुते, पिशवीत टाकते. आणि मग, मी पिशवी ओढून घ्यायच्या आत, टोपलीतले दोन बोंबील उचलते आणि वरचे टाकते.

दर वेळी वाटतं, नको म्हणावं. दर वेळी मी पिशवी उघडी धरते.